वाघेऱ्याच्या चढणीची सावड

केरूबाबा, केरूबाबांचे सावळीराम, सावळीरामांचे भिकाशेठ आणि भिकाशेठांचा ललित. नाशिकच्या तांबट लेनमधल्या या घराची नावे याच क्रमाने घ्यावीत, कारण मठाराचा हातोडाही याच क्रमाने हातातून हातात यायचा होता. मठार म्हणजे तांब्याच्या भांड्यावर एकाला एक लागून पाडलेल्या ठोक्यांच्या खुणा. त्याने पत्रा कडक होतो आणि भांड्यावर उजेड खेळतो. ज्या हातोड्याने मठार घालायचा त्याचे तोंड मात्र आरशासारखे असावे लागते, कारण तोंडावरचा एखादा ओरखडा प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटत जातो. केरूबाबांनी हा हातोडा स्वतः घडवला, घासला आणि त्यात स्वतःचे तोंड पाहिल्यावरच पहिला ठोका मारला. तेव्हापासून या घराचा नियम ठरला. हत्यार आरसा असावे, काम आरसा असावे. खडबडीत वस्तू या उंबऱ्याबाहेर पडणार नाही.

ललितपर्यंत नियम आला, हातोडा आला नाही. तो भद्रकालीच्या मागे, हबीब मिस्त्रींच्या गॅरेजात गहाण होता.

त्याचे असे झाले. भिकाशेठ ऐन उमेदीत असताना एका लगीनसराईच्या तोंडावर मुशीतला तापलेला रस त्यांच्या उजव्या हातावर उडाला. हंड्या-घागरींचे काम अंगावर घेतलेले, लग्नघरे शब्दावर विसंबलेली, आणि हात मनगटापर्यंत फडक्यात बांधलेला. हबीब तेव्हा जवान होता. त्याने आपल्या गॅरेजाला कुलूप घातले आणि तो भिकाशेठांच्या ऐरणीसमोर मांडी घालून बसला. भिकाशेठ तोंडाने सांगत, हबीब हाताने ठोके. मोटारीचे नट आवळणारा तो हात सराई संपेपर्यंत तांबटाचा हात झाला, आणि एकाही लग्नघराला रिकामे परतावे लागले नाही.

मजुरीचा विषय निघताच हबीबने कानाच्या पाळ्या धरल्या. तेव्हा भिकाशेठ म्हणाले, "मग ही सावड समज."

सावड म्हणजे काय, हे नाशिकच्या पश्चिमेकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावावे लागत नाही. आज तू माझ्या शेतात राबलास, उद्या मी तुझ्या शेतात राबेन. ती रोकड्याने फिटत नाही, धान्याने फिटत नाही, आणि भाड्याचा माणूस पाठवूनही फिटत नाही. घरच्या हाताचे काम घरच्याच हाताने फेडायचे असते. खूण म्हणून भिकाशेठांनी केरूबाबांचा हातोडा हबीबच्या हवाली केला. काम फेडीन त्या दिवशी परत घेईन, असे ते म्हणाले.

हबीबने काम कधी मागितलेच नाही. भिकाशेठ गेले. त्यांच्या पत्नी कुसाबाई दर खंडेनवमीला घरातली सारी हत्यारे पाटावर मांडून पूजत, आणि मधोमध हातोड्याएवढी जागा मोकळी ठेवत. त्या मोकळ्या जागेला हळदकुंकू वाहत, पण फूल ठेवत नसत. फूल हातोड्याचे, असे त्यांचे म्हणणे.

स्टीलने तांब्याला हटवल्यावर ललितने अंबडला शेड घेतली. द्राक्षांच्या वाईनसाठी आणि दुधासाठी तो स्टीलच्या टाक्या बनवू लागला. टाकीच्या आतली भिंत आरशासारखी घासावी लागते, नाहीतर कोपऱ्यात मळ धरतो. ललितच्या टाकीत माणूस उतरला तर त्याला चहूबाजूंनी स्वतःचेच तोंड दिसे. धंदा बरा चालला होता. मात्र दर खंडेनवमीला पाटावरची ती मोकळी जागा पाहिली की तो ताटावरून अर्धवट उठे. एकदा त्याने चाचांना नवे वेल्डिंग मशीन भेट द्यावे असे सुचवले होते. कुसाबाईंनी हातातले ताम्हनसुद्धा खाली न ठेवता विचारले होते, "बापाचे हात राबायचे ठरले होते, की बापाचं मशीन?" तो विषय तिथेच संपला.

सन दोन हजार एकच्या दिवाळीनंतर हबीब मिस्त्री स्वतः तांबट लेनमध्ये आले. दाढी पांढरी झालेली, उजवा खांदा वर उचलेना झालेला. चहा झाला, सुपारी झाली, तरी ते विषयाला हात घालीनात.

"हबीबभाऊ," कुसाबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे सुपारी कातरायला आला नाहीत."

"नाही वहिनी. मागायला आलोय."

कुसाबाई ताठ बसल्या. ललितने हातातला कप खाली ठेवला.

"माझ्या शोएबचं लग्न ठरलंय. हरसूलचीच मुलगी, जहिदाच्या भावाची. गफूरची आयत. सून हिरवीतनं आणायची आहे."

ते ऐकून कुसाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले, कारण हिरवीची कथा दोन्ही घरांना पाठ होती. हिरवी म्हणजे आठ सिलिंडरांची, दोन दारांची, रुंद छातीची अमेरिकन मोटार. गंगापूर रोडच्या एका हौशी बागायतदाराने ती मुंबईहून आणली होती. पेट्रोल महागले तशी त्याने कुणाकडून तरी तिचा मूळ चार घशांचा कार्बोरेटर काढवून लहान मोटारीचा एकघशी बसवून घेतला, आणि मागे बोटाएवढी बारीक सायलेन्सरची नळी लावून घेतली. आठ सिलिंडरांचे जनावर एका नाकपुडीने श्वास घेऊ लागले. पुढे तो कंटाळला आणि गाडी हबीबकडेच राहिली. हबीबने आपली नवरी हरसूलहून तिच्यातूनच आणायचे ठरवले. वाघेऱ्याच्या घाटात, ऐन चढणीवर, हिरवीने धाप टाकली ती टाकलीच. शेवटी नवरीच्या भावांनी हरसूलहून बैलजोडी आणली, मोटारीला दोर बांधला, आणि शेरवानी घातलेला नवरदेव बैलांमागून घाट चढला. त्या वरातीत मागच्या सीटवर भिकाशेठही होते. तेव्हापासून हिरवी फक्त शहरातल्या सपाट रस्त्यावर चाले, आणि गफूर दर भेटीत मेहुण्याला बैलांची खुशाली सांगे.

"दुसरी गाडी करा की चाचा," ललित म्हणाला. "माझी घ्या."

"तुझ्या गाडीला बैल लागले नव्हते."

"काम काय आहे, ते सांगा," कुसाबाई म्हणाल्या.

हबीबनी सांगितले. कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्यांना हिरवीच्या जातीचा चार घशांचा कार्बोरेटर आणि त्याखालचा, मिश्रण सिलिंडरांत वाटून देणारा मॅनिफोल्ड मिळाला होता. पण इंजिनच्या हेडमधून हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा ओतीव लोखंडाच्या गाठींनी भरलेल्या होत्या. त्या आतून घासून मोकळ्या करायच्या. शिवाय एक्झॉस्टसाठी आठ सिलिंडरांच्या आठ नळ्या वाकवायच्या, एका बाजूच्या चार एकीत आणि दुसऱ्या बाजूच्या चार एकीत. "ग्राइंडर धरला की माझा हात वरच येत नाही. शोएब नट खोलतो, बसवतो, पण घासकाम त्याच्या हाताचं नाही. हे तांबटाचं काम आहे."

"बाबांकडं का नाही मागितलंत?" ललितने विचारले.

हबीब कुसाबाईंकडे पाहात राहिले. "त्या हातानं भिकाशेठला घास नीट धरता येत नव्हता, बेटा. त्यांच्याकडून मी काम घेतलं असतं?"

कुसाबाई उठून आत गेल्या आणि पदर सारखा करून परत आल्या. "उद्यापासून ललित येईल," त्यांनी सांगितले. ललित शेडमधला एखादा कुशल कारागीर सोबत नेण्याविषयी काही बोलू लागला, तर त्या म्हणाल्या, "माणूस पाठवून सावड फेडशील, तर उद्या माझ्या दहाव्यालाही माणूसच पाठवशील. ग्राइंडर तुझा, हात तुझा."

दुसऱ्या दिवसापासून ललित सकाळी अंबडला आणि दुपारनंतर भद्रकालीला जाऊ लागला. हिरवीची हेड खोलून लाकडी घोडीवर ठेवली होती. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी हबीबनी पत्र्याचा साचा लावून चुन्याने रेघ मारून दिली होती. रेघेच्या बाहेर ग्राइंडर गेला की ते लगेच हटकत.

"मोठं भोक म्हणजे मोकळा श्वास नव्हे. वाट रुंद केलीस तर हवा रेंगाळेल. गाठी काढ, कोपरे मोडून गोल कर, पण वाटेचा वेग मोडू नकोस."

नळ्यांच्या बाबतीतही तेच झाले. ललितने शेडमधून जाडजूड स्टीलच्या नळ्या आणल्या होत्या. हबीबनी त्या परत पाठवल्या. "बारीक नको, पण ही तोफ पण नको. चौघांचा धूर एका नळीत यायचाय. एकाचा धूर जोरात निघाला, की तो दुसऱ्याला मागून ओढ लावतो. नळी फार रुंद केलीस तर ती ओढच मरते."

ललितने मग हव्या त्या मापाच्या नळ्या आणल्या. नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडे लाकडी गुट्ट्यांनी बंद करायची, बाक द्यायचा तिथे लाल होईस्तोवर तापवायचे आणि एका ओढीत वाकवायची, म्हणजे नळी चेपत नाही. ही विद्या त्याला घरातूनच आली होती. आठही नळ्यांची लांबी सारखी यावी म्हणून कुणाला लांबचा वळसा, कुणाला जवळचा, अशी त्याने त्यांची मांडणी केली. चार नळ्या एकीत मिळतात ती जागा त्याने साध्या हातोड्याने ठोकून गुळगुळीत केली. केरूबाबांचा हातोडा समोरच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला होता. हबीबनी तो देऊ केला नाही आणि ललितने मागितला नाही. गहाणाची वस्तू वापरायची नसते.

हबीबच्या पत्नी जहिदाचाची चहा घेऊन येत आणि घोडीवरच्या हेडकडे पाहून म्हणत, "माझ्या वेळी हे सुचलं नाही. मला बैलांच्या शेपट्या बघत सासरी यावं लागलं."

"तू रडत होतीस, म्हणून बैलांना वाटलं लवकर पोचवू," हबीब म्हणत.

"मी रडत नव्हते. हसू दाबत होते."

धुराच्या वाटा ललितने आरशासारख्या केल्या. हबीबनी आत बोट फिरवून पाहिले, मान डोलावली. "इथं चमक पाहिजेच. गुळगुळीत भिंतीवर काजळी बसत नाही." मग ते साखरपुड्याची, मंगनीची बोलणी करायला हरसूलला निघाले. जाताना हवेच्या वाटांकडे बोट दाखवून म्हणाले, "आत येणाऱ्या वाटेच्या फक्त गाठी काढ. जाड एमरी कागद फिरव आणि सोड. एवढं चालेल."

एवढं चालेल. तांबटाच्या दुकानात हे शब्द रोज ऐकू येत. गिऱ्हाईक संकोचाने म्हणते, असू द्या, एवढं चालेल, आणि तांबट ते न ऐकल्यासारखे करून भांडे पुन्हा घासायला घेतो. गिऱ्हाइकाच्या चालेलवर थांबणारा तांबट या लेनमध्ये टिकलाच नसता. ललितला वाटले, चाचा भिडेपोटी म्हणत आहेत. आणि बापाची सावड फेडताना भिडेचे काम करायचे? त्याने जाड एमरीनंतर मध्यम घेतली, मध्यमनंतर बारीक, मग तेल, मग नमदा, मग अंबडहून आणलेला पॉलिशचा हिरवा मसाला. हवेची प्रत्येक वाट त्याने अशी उजळली की बॅटरीचा झोत आत सोडला तर तो वळण घेऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर येई. शोएबने डोळे विस्फारले. "ललितभाई, अब्बा बघून वेडे होतील." दोघांनी मिळून हेड चढवली, मॅनिफोल्ड बसवला, नळ्या जोडल्या.

हबीब परतले तेव्हा इंजिन उभे होते. पहिल्याच किल्लीला हिरवी उठली. तिचा आवाज ऐकून शेजारचा शिंपी दुकानाबाहेर आला. खोल, सलग, छातीत घुमणारा तो आवाज हबीबनी पंचवीस वर्षे ऐकला नव्हता. ते डोळे मिटून उभे राहिले. मग जरा कपाळाला आठी पडली. "मंद चालीला अडखळतेय."

गिरणाऱ्याच्या पुढच्या चढणीवर ते तिघे तिला घेऊन गेले. सपाट रस्त्यावर ती वाऱ्यासारखी पळाली. चढण लागली, गाडी हळू झाली, हबीबनी पाय दाबला, आणि हिरवी खोकली. पुन्हा दाबला, पुन्हा खोकली, मागून काळा धूर सोडला, आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून विचारले, "दोर देऊ का, काका?"

शोएब खाली उतरून दगड लावू लागला. ललितचे कान तापले होते.

गॅरेजात आल्यावर प्लग काढले, ते पेट्रोलने भिजून काळे झालेले. हबीबनी कार्बोरेटर आणि त्याखालचा मॅनिफोल्ड उतरवला, बॅटरी आत धरली आणि ललितला जवळ बोलावले. त्या लखलखीत वाटेच्या तळाशी पेट्रोलचे थेंब चिकटून, ओघळून, एक छोटे तळे झाले होते.

"हे काय केलंस?"

"उजळलं."

"मी सांगितलं होतं, जाड एमरी मारून सोड."

"चाचा, मला वाटलं, तुम्ही..."

"भीड घातली? अरे, मी तुझं गिऱ्हाईक आहे का?" हबीबचा आवाज चढला आणि लगेच उतरला. ते बाकावर बसले. "बेटा, नुसती हवा असती तर चाललं असतं. पण हिच्यातून हवेबरोबर पेट्रोलचं धुकं जातं. भिंत आरशासारखी असली की धुकं तिला चिकटतं, थेंब होतात, ओघळतात. जरा खरखर असली की भिंतीपाशी हवा घुसळते आणि पेट्रोल उचलून घेऊन जाते. गाडी जोरात असली की हे झाकलं जातं. चढणीवर हळू झाली, की थेंब उघडे पडतात. इथं खरखर म्हणजे चूक नाही. इथं तेच काम आहे."

ललितला ते समजले. समजले म्हणूनच अधिक झोंबले. "मग पुन्हा खरवडायचं?"

"हो."

"शोएबला सांगा. माझ्या हातानं ते होणार नाही."

फळीवरच्या फडक्याकडे हबीबची नजर गेली आणि त्यांनी ती लगेच वळवली.

घरी कुसाबाई ज्वारी निवडत होत्या. ललितने सगळे सांगितले. सांगताना त्याचा सूर असा होता की आई आपली बाजू घेईल. केरूबाबांच्या घरातल्या मुलाने आपलेच उजळलेले काम ओरखडून खराब करावे, हे आईला सोसणार नाही, असे त्याला वाटत होते.

"तुझे वडील मठार का घालीत?" कुसाबाईंनी विचारले.

"भांडं कडक व्हावं म्हणून."

"घडवलेल्या गुळगुळीत घागरीला शेवटी ठोके मारून खड्डे पाडायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवी नवरी होते. मला वाटलं, हे चांगल्या भांड्याचा सत्यानाश करताहेत. सासऱ्यांना तसं विचारलंही. ते म्हणाले, सूनबाई, हातोडा आरसा असतो तो आपल्यासाठी. घागर कशी असावी, ते पाणी ठरवतं." त्यांनी सुपात हात फिरवून खडा बाजूला काढला. "तू सावड हबीबभाऊंची फेडतो आहेस की स्वतःच्या हाताची?"

ललितने सुपातला आणखी एक खडा वेचला.

"आणि शोएबला सांगा म्हणालास? तो त्यांचाच मुलगा. त्याने खरवडलं तर त्यांचंच काम त्यांच्याच घरी राहिलं. जेवून घे. उद्या शेडमध्ये जाऊ नकोस."

सकाळी गॅरेज उघडले तेव्हा ललित दाराशीच उभा होता. पुन्हा हेड उतरवली. त्याने लाकडी काडीला जाड एमरीचा कागद गुंडाळला आणि हवेच्या पहिल्या वाटेत घातला. हात आत थबकला. त्या चकाकत्या भिंतीत त्याला आपलाच डोळा दिसत होता. मग त्याने हात फिरवला, आणि डोळा दिसेनासा झाला. पहिली वाट कठीण गेली, तिसरीपासून हात मोकळा झाला. शेवटच्या वाटांपर्यंत त्याला कळू लागले की खरखरीलाही नेमकेपणा लागतो. सगळीकडे सारखी, कुठे खोल ओरखडा नाही, कुठे चमक उरलेली नाही. हबीबनी बोट आत फिरवले, पुन्हा फिरवले, आणि म्हणाले, "आता तांबटाचं काम झालं."

या वेळी हिरवी गिरणाऱ्याची चढण खोकल्याशिवाय चढली. पण ती रिकामी होती, आणि वाघेऱ्याचा घाट वेगळा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते.

निकाह हरसूलला झाला. कुसाबाईही गेल्या होत्या. नऊवारी नेसून पुरुषांच्या बैठकीसमोरून त्या अशा गेल्या की म्हाताऱ्यांनी उठून जागा दिली. जेवणे झाली, पाठवणी झाली, आयत रडली, तिची आई रडली. हिरवीच्या पुढे हबीब चालवायला बसले आणि शेजारी ललित. मागे आयत, शोएब आणि मधोमध कुसाबाई. जहिदाचाची दुसऱ्या जीपमध्ये बसल्या. "मी एकदा चढलेय," असे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

घाटाच्या पायथ्याशी वळणावर गफूर उभे होते. शेजारी झूल पांघरलेली, शिंगे रंगवलेली बैलजोडी, आणि भोवती अर्धे हरसूल.

"दुल्हाभाई, जरा थांबा!" गफूर ओरडले. "बैल लय दिवस वाट बघत्यात. दोर बी नवा आणलाय. आधीच बांधू का, म्हंजे पुन्हा उतरायला नको?"

लोक हसले. हबीबनी काच खाली घेतली. "गफूर, तू मुलगी दिलीस. बैल नको देऊस, परत करायला लागतील."

"नाय, ते लग्नाचा आहेर हाय!"

"मग मागून चालव. वर पोचलास की चहा घेऊ."

हिरवी निघाली. पहिले वळण सहज गेले. दुसऱ्याला चढ तीव्र झाला आणि गाडी मंदावली. ललितला आपल्या मनगटात प्रत्येक सिलिंडरचा ठोका जाणवत होता. याच जागी एका काळी दोर बांधला गेला होता, हे हबीबनी सांगितले नाही, पण त्यांचा स्टिअरिंगवरचा हात घट्ट झाला. समोरून एक ट्रक उतरत होता. त्याला वाट द्यायला हबीबना चढणीवर जवळजवळ थांबावे लागले. आता जोर आधीचा उरला नव्हता. आता जे काही होते ते आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटांचे होते.

हबीबनी हळूच पाय दाबला. इंजिनने खोल आवाज केला, एक क्षण विचार केल्यासारखा, आणि खोकला आला नाही. हिरवी पुढे सरकली, मग उचलली गेली, आणि पाच माणसे, आहेराची पेटी, वर बांधलेली गादी असा सगळा भार घेऊन चढू लागली. ट्रकच्या चालकाने कौतुकाने हॉर्न वाजवला. आयत रडायची थांबून पुढे वाकून पाहू लागली.

"मुली, मागे टेक," कुसाबाई म्हणाल्या. "अजून वळणं आहेत."

राहिलेली वळणेही गेली. माथ्यावर सपाटी लागली, तेव्हा हबीबनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले नाही. ते तसेच मंद चालीवर ऐकत राहिले. अडखळ नव्हती. मग ते उतरले. मागून जीप आली, पाठोपाठ दम लागलेले हरसूलकर आले, आणि बऱ्याच वेळाने बैल हाकत गफूरही आले. त्यांनी दोर खांद्यावरून काढला, हिरवीच्या पुढच्या बंपरवर हाराप्रमाणे ठेवला आणि हात जोडले.

जहिदाचाची जीपमधून उतरल्या. "चला," त्या बैलांना म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली."

हबीबनी डिकी उघडली. आहेराच्या पेटीखाली एक फडके होते. ते घेऊन ते कुसाबाईंसमोर आले. सगळे गप्प झाले, कारण गफूरसह त्या सर्वांना सावड ठाऊक होती, आणि ती फिटते तेव्हा साक्षीदार लागतात हेही ठाऊक होते.

"वहिनी, निघताना हा गाडीत ठेवला होता. गाडी चढली नसती तर हा पुन्हा फळीवर गेला असता."

फडके उलगडले. हातोड्याच्या दांड्याला तेल प्यायलेली काळसर झाक होती. तोंड लखलखीत होते. हबीबनी त्याला इतकी वर्षे गंज लागू दिला नव्हता आणि त्या हातोड्याने एकही ठोका मारला नव्हता. कुसाबाईंनी हातोडा डोळ्यांजवळ नेला, तोंड न्याहाळले, त्यात स्वतःचे कुंकू पाहिले.

"भिकाशेठच्या घराकडे माझं आता काही नाही," हबीब सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "कामाला काम मिळालं. सावड फिटली."

"फिटली," कुसाबाईंनी उत्तर दिले, आणि केरूबाबांचा हातोडा ललितच्या हातात दिला.